चिनूकच्या जागी

ऑक्टोबर अर्धा सरला की अमेरिकेतल्या आमच्या हर्नडनमध्ये पानं उडवायची यंत्रं सुरू होतात. शाळेच्या पिवळ्या बस निघून गेल्या की पाठीला पंखा बांधलेली माणसं येतात आणि मेपलची लाल पानं एका अंगणातून ढकलत रस्त्याच्या कडेला नेतात. दुपारपर्यंत वारा त्यातली निम्मी परत आणून देतो. पहिल्या वर्षी मला याचं हसू यायचं. आता मी खिडकीत चहा घेऊन उभा राहतो आणि कोण जिंकतं ते बघतो.

याच दिवसांत मी तळघरातलं मोठं स्टीलचं पातेलं वर काढतो, घासतो आणि फ्रीझरमधलं हॉप्सचं पाकीट फोडतो. हॉप म्हणजे एका वेलीचं हिरवं फूल. बिअरला कडूपणा आणि वास दोन्ही त्याच्यामुळे येतात. दुकानात ते वाळवून, दाबून, पेंडेच्या बारीक गोळ्यांसारखं मिळतं. दिसायला अगदीच गुरांचं खाणं. पण दोन गोळ्या तळहातावर घेऊन चुरडल्या की आधी पावसात भिजलेल्या लाकडासारखा वास येतो, मग पिकलेल्या फळाचा, आणि अगदी मागून तुळशीच्या मंजिऱ्यांचा. तो वास आला की मी या स्वयंपाकघरात राहत नाही. पलीकडच्या गल्लीतल्या त्या भाड्याच्या टाउनहाउसमध्ये, त्या पहिल्या पानगळीत जाऊन उभा राहतो.

मी बार्शीचा. आमच्या घरात दारू हा शब्द शोभेच्या दारूपुरताच, तोही दिवाळीचे चार दिवस. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि त्यासाठी किती जणांनी काय काय केलं ते आठवलं की अजूनही मान आपोआप खाली जाते. गणिताचे सर शाळा सुटल्यावर थांबून फुकट शिकवायचे. शेजारच्या काकूंनी परीक्षेच्या दिवसांत त्यांची पुढची खोली मला अभ्यासाला दिली होती आणि स्वतः रेडिओ लावायच्या बंद झाल्या होत्या. असा मुलगा अमेरिकेत जाऊन बिअर शिजवायला शिकेल, हे त्या दोघांनाही कोणी सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. मीसुद्धा नसता ठेवला.

शिकवलं आशुतोषनं. आशू नागपूरचा. माझ्यापेक्षा थोडा मोठा, उंच, सदा हुडी घातलेला. मी आलो त्या संध्याकाळी विमानतळावर तोच घ्यायला आला होता, आणि गाडीत बसल्या बसल्या त्यानं विचारलं होतं, "बार्शी? म्हणजे भगवंताची बार्शी ना बे?" मला इतकं बरं वाटलं. सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच कोणाला तरी मी कुठला ते समजावून सांगावं लागलं नव्हतं. तेव्हापासून मी त्याच्यासाठी बार्शीकर झालो.

पण ज्या कामासाठी मी आलो होतो ते काम आशूचं होतं. त्याच्या व्हिसाची मुदत संपत आली होती आणि ग्रीन कार्डाची फाइल कंपनीकडून पुढे सरकलीच नव्हती. पानगळ संपायच्या आत त्याला परत जायचं होतं आणि त्याच्या जागी मला बसायचं होतं. तोवर तो मला सगळं शिकवणार. ऑफिसात याला केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत विषय राहून मला एकदाही केटी लागली नव्हती, ती इथं येऊन लागली, असा विनोद मी पहिल्याच आठवड्यात केला. आशू खूप हसला. पण मी घरी येऊन पलंगावर बसलो तेव्हा मला स्वतःलाच तो विनोद आवडला नव्हता.

याचं कारण माझ्या बाबांपर्यंत जातं. बाबा बार्शीच्या कापडगिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे कायम नसलेला. भोंगा व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. आतला कोणी आजारी पडला, कोणाच्या घरी काही बरं-वाईट झालं, तर त्याच्या जागी याचं नाव पुकारायचं. नाही पुकारलं तर भरलेला डबा तसाच घेऊन घरी यायचं. आम्हा भावंडांना ते दिवस आवडायचे, कारण तो डबा आम्हाला मिळायचा. डब्यातल्या भाकरीला एक वेगळीच मऊ चव असते. बाबा ओट्यावर बसून आम्हाला खाताना बघायचे. ते काय बघत होते हे कळायला मला फार वर्षं लागली. मी नोकरीला लागल्यावर ते एकदाच म्हणाले होते, "गेटवर उभं राहिल्यावर माणसाच्या मनात काय काय येतं, ते देवाला कळू नये."

आणि मी तर असा बदली, जो त्या कायम माणसाच्याच घरात राहत होतो. त्याच्याच गाडीवर गाडी चालवायला शिकत होतो, त्यानंच दिलेला जाड कोट घालत होतो. मीटिंगमध्ये माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: आशुतोषनं असं केलं होतं, म्हणून मीही तसंच करतोय. आशू समोर बसून डोळे मोठे करायचा. बाहेर आल्यावर म्हणायचा, "काहून माझं नाव घेऊन राहिला सारखं? मी काय मेलो?"

त्याची एक काळी बिअर होती. मित्रमंडळीत तिला 'आशूची काळी' असंच नाव पडलं होतं. दिवाळीच्या आगेमागे सगळे जमले की चकलीबरोबर तीच लागायची. दिसायला कोऱ्या कॉफीसारखी, त्यामुळे नवा माणूस घोट घ्यायच्या आधी तोंड वाकडं करून तयार राहायचा. आणि मग तोंडात काहीच करपट नाही, उलट पपनस आणि देवदार, असं पिणारे सांगायचे. डोळे मिटून प्यायलात तर ती काळी आहे हे ओळखणार नाही, असा आशूचा दावा. त्याची एक युक्ती होती. काळे भाजलेले जवाचे दाणे तो इतर दाण्यांबरोबर गरम पाण्यात घालायचाच नाही. वेगळे, थंड पाण्यात भिजवायचा. रंग उतरतो, करपटपणा मागे राहतो. "फक्त सावळेपणा घ्यायचा," तो म्हणायचा, "जळकेपणा नाही." आणि वासासाठी चिनूक नावाचा हॉप. दुसरा कुठलाही नाही. "ही चिनूकशिवाय होतच नाही. मग ती कोणाची पण काळी म्हण, आशूची नाही."

मी पीत नव्हतो. पण शिजवायला लागलो. "प्यायची नाही तं नको पिऊ यार," तो म्हणाला, "पातेलं ढवळायला काय झालं? केमिस्ट्रीच आहे." खरं सांगायचं तर मला तो शनिवार हवा असायचा. ऑफिसात तो मला जागा सोडून देत होता. या पातेल्यापाशी मात्र तो मालक आणि मी नुसता ढवळणारा होतो. माझा जीव तिथं हलका व्हायचा.

जायच्या आधी त्याला शेवटची एकदा काळी करायची होती. त्या वर्षी दुकानात चिनूक संपला होता. पण फ्रीझरच्या तळाशी मागच्या वर्षीचा एक मूठभर निघाला. आशूनं ते पाकीट असं हातात धरलं होतं जसं काही पक्ष्याचं पिल्लू आहे.

तेवढ्यात सामान बांधायला मदत म्हणून आणि पानांचे रंग बघायला म्हणून मावशी आल्या. आशूची आई. नागपूरला शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या, एका जागी न बसणाऱ्या. पहिल्याच रात्री जेवताना त्यांनी माझ्या पानात वरण वाढता वाढता विचारलं, "म्हणजे तू आशूच्या बदली आलास का रे?"

काही वाईट हेतू नव्हता. विदर्भात काय, आमच्याकडे काय, त्याच्याऐवजी म्हणायला बदली हा साधा शब्द आहे. पण मी उचललेला घास पानात परत ठेवला. आशू पटकन म्हणाला, "आई, तूप दे ना त्याला." मावशींनी तूप दिलं. तो विषय तिथंच संपला आणि माझ्यात सुरू झाला.

बिअर करतोय हे मावशींना सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. हा जवाचा काढा आहे, थंडीत इथले लोक पितात, असं आशूनं सांगितलं. मावशी "बरं" म्हणाल्या. शनिवारी दुपारी पातेल्यात जवाचं गोड पाणी तापत होतं. मांडणी अशी असते: उकळी आली की कडूपणाचा हॉप घालायचा, तो बराच वेळ उकळतो. वासाचा हॉप मात्र अगदी शेवटी, गॅस बंद करताना. आधी घातला तर वास वाफेबरोबर उडून जातो आणि उरतो तो नुसता कडवटपणा. ओट्यावर दोन वाट्या ठेवल्या होत्या. एकीत साधा कडू हॉप, दुसरीत चिनूक. आम्ही दोघं तळघरात बाटल्या धूत होतो.

वर आलो तेव्हा पातेलं खदखदत होतं, सगळ्या घरात पपनस आणि राळ भरून राहिली होती, आणि चिनूकची वाटी रिकामी होती.

"उकळी आली होती," मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या. "तुमचा पत्ता नाही. म्हटलं, मसाला घालायचा राहिला असेल. चांगल्या वासाचा होता तो घातला."

"आई!" आशू तिथल्या तिथे खालीच बसला. "ते वासाचं होतं! ते शेवटी घालतात!"

"शेवटी? फोडणी कोणी शेवटी घालतं का बाप्पा?"

"फोडणी नाही गं ती! कोथिंबीर समज कोथिंबीर!"

"मग तसं सांगून जायचं होतं. वाट्यांवर नाव नाही, गाव नाही." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि काढा काढा काय लावलंय? बिअर आहे ती. सामानाच्या खोक्यावर लिहिलंय. मी तीस वर्षं पोरांना ए-बी-सी-डी शिकवली आहे रे आशू."

मी हसू दाबत होतो. आशूकडे बघितलं आणि हसू गेलं. तो पातेल्याकडे बघत होता. वाफ चिमणीतून बाहेर जात होती, आणि तिच्याबरोबर त्याची काळी. मला वाटलं, इतक्या वर्षांत या देशानं या माणसाला जे जे दिलं ते एकेक करून परत जमा होतंय, आणि त्यात आता हेही.

थोड्या वेळानं तो उठला. साध्या हॉपची वाटी उचलून कपाटात ठेवली. "कडूपणाचं काम झालं," तो म्हणाला. "आईच्या हातानं झालं, जास्तच झालं. आता वास राहिला." मग गाडीची किल्ली माझ्याकडे टाकली. "जा. अजून उकळायला वेळ आहे. दुसरा हॉप घेऊन ये."

"कोणता?"

"तुला वाटेल तो."

"अरे पण चिनूकच्या जवळचा कुठला? मला काय कळतं? तू चल ना, पातेलं मी बघतो."

"तू जा, बार्शीकर," तो म्हणाला. त्याचा आवाज चिडका नव्हता. "काळी आता ती तर होणार नाही. मग जी होणार ती मी काय निवडू?"

मला लायसन्स मिळून थोडेच दिवस झाले होते. हायवे टाळून आतल्या रस्त्यानं गेलो. पानं काचेवर येऊन चिकटत होती. दुकान म्हणजे एक लांबट खोली, पोत्यांमध्ये धान्य, भिंतीला फ्रीज, आणि काउंटरला पिकल्या केसांची शेंडी बांधलेला एक गृहस्थ. त्याला सगळं सांगितलं. फोडणीचं कसं सांगावं कळेना, तर इंग्रजीत म्हणालो, तिला वाटलं मसाले आधी घालतात. तो इतका हसला की चष्मा काढून पुसायला लागला.

मी परीक्षेतला मुलगा. पाकिटांवर कडूपणाचा आकडा छापलेला असतो. मी चिनूकच्या आकड्याला जुळणारा आकडा शोधत होतो. आकडा जुळला की उत्तर बरोबर. एक सापडलाही, कोलंबस. त्या गृहस्थानं विचारलं, शेवटी घालायचाय ना? मग आकडा कशाला बघतोस? आणि काही उघडी पाकिटं पुढे ठेवली, चुरडून बघ म्हणाला.

चिंच नसेल तर आमसूल चालतं, हे आमच्या आईचंही मत. आंबटपणा भागतो. पण आमटी चिंचेची राहत नाही, आमसुलाची होते, आणि आई ताटात वाढताना तसं सांगायची: आज आमसुलाची आहे हं. लपवायची नाही. हे मला त्या फ्रीजसमोर, हाताला हिरवा चिकटपणा लागलेला असताना आठवलं. कोलंबस चुरडला तर कांदा-लसणाचा उग्र वास आला, काळ्या दाण्यांबरोबर तो फोडणी करपल्यासारखा झाला असता. कॅस्केड छान होता, फुलांसारखा, पण नाजूक. काळ्या रंगाखाली दबून गेला असता. सिम्को हुंगला आणि हात तिथंच राहिला. देवदार होता त्यात, पण ओला, पाऊस पडून गेलेल्या लाकडासारखा, आणि आत कुठंतरी पिकलेलं फळ. चिनूकशी त्याचं फारसं नातं नव्हतं. मला तो आवडला. कोणासारखा आहे म्हणून नाही, नुसता आवडला. अमेरिकेत आल्यापासून मी कुणालाही न विचारता निवडलेली ती बहुधा पहिली वस्तू.

घरी आलो तेव्हा गॅस बंद करायची वेळ होत आली होती. आशूनं पाकीट हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"हा चिनूक नाही," तो म्हणाला.

"नाहीच."

"मुळीच नाही." त्यानं पाकीट माझ्याकडे परत दिलं. "घाल तूच."

मी घातला. मावशी बाजूला उभ्या होत्या, म्हणाल्या, "हं, आता घातली का कोथिंबीर?"

ती बिअर तयार व्हायच्या आधीच आशू गेला. आंबताना येणारे फुगे थांबले की बाटल्यांत भर, भरायच्या आधी थोडा सिम्को कोरडाच वरून टाक, मग थांब, घाई करू नको, एवढं त्यानं सांगितलं. विमानतळावर मावशींनी माझ्या हातात उरलेल्या शेवेचा डबा दिला. आशूनं मिठी मारली आणि कानात म्हणाला, "चव घेतली की फोन कर. आणि खोटं नको बोलू."

सोमवारी मी त्याच्या जागेवर बसलो. खिडकीतून आशूला दिसायचं तेच झाड, आता जवळजवळ उघडं.

शाळेत सर फळ्यावर लिहायचे, क्ष च्या जागी तीन ठेवू. मग म्हणायचे, आता क्ष च्या जागी सात ठेवू. समीकरणाचं काही बिघडत नसे. क्ष कधी तक्रार करत नसे. माणसांचं आणि हॉप्सचं असं का होत नाही, याचा विचार मी दर पानगळीत करतो. समीकरण तेच दिसतं, पण बाजू तोलायला वेळ लागतो. आणि ज्याची जागा आपण घेतो तो समोर बसून आपल्याला तूप वाढायला सांगत असतो. यंदा दुकानात चिनूक भरपूर आहे. त्या फ्रीजपाशी मी दरवेळी थांबतो, एक पाकीट उचलून थंडगार हातात धरतो आणि परत ठेवतो.

त्या पहिल्या वर्षीची बाटली उघडली ती नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या एका शनिवारी, सकाळी. नागपुरात तेव्हा संध्याकाळ असते. तोवर आमचे फोन झाले होते, पण त्यात हवा, क्रिकेट, मावशींचे गुडघे. ऑफिसचं तो विचारत नव्हता आणि मी सांगत नव्हतो. त्या सकाळी मी कॅमेऱ्यासमोर ग्लास धरला.

"फेस बरा आहे," आशू स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन म्हणाला. "रंग आहे. पी."

आयुष्यातला पहिला घोट. आधी कडू, असा कडू की डोळ्यांत पाणी आलं. मग तो ओल्या लाकडाचा वास वर आला, मग ते फळ.

"चिनूकसारखी झाली?"

हो म्हणणं फार सोपं होतं. दोन महिने मी तेच करत होतो, सगळं तुझ्यासारखंच आहे, तुझंच आहे, मी फक्त धरून बसलोय. "नाही," मी म्हटलं. "वासच वेगळा आहे, तशी नाही झाली."

"बिघडली?"

"नाही रे. चांगली झाली."

मागून मावशींचा आवाज आला, "कडू फार झाली का विचार, माझ्या हातून."

"झाली, मावशी. पण त्याच्यामुळेच चांगली लागतेय."

"बघ," त्या आशूला म्हणाल्या आणि कुकर बघायला गेल्या.

आशू खुर्चीत मागे रेलला. "आणि ऑफिस?"

माझ्या तोंडात अजून कडू होतं. "तेही चांगलं चाललंय," मी म्हणालो. "मला आवडतं ते काम, आशू."

"हे सांगायला एवढे दिवस लागले होय बे?" तो हसला. मग गालावर हात फिरवत म्हणाला, "मलाही एक सांगायचं होतं. इथं नव्या नोकरीत मला जी जागा मिळाली ना, ती एकाची होती. त्याला काढलं. ड्रॉवरमध्ये त्याचा चमचा होता, डब्याबरोबरचा. दोन दिवस बघत बसलो त्या चमच्याकडे. मग एचआरकडून नंबर घेतला आणि फोन केला त्याला."

"काय म्हणाला?"

"आधी माझं नाव विचारलं. मग म्हणाला, त्या खुर्चीचं डावं चाक निसटतं, जरा सांभाळून बस."